मानधनातला मान: गावकीच्या कामाचा मोबदला, वतनापासून आजवर

कामाच्या मोबदल्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तनखा फारसीतून, वेतन संस्कृतातून. मजूर मजुरी घेतो, गवई बिदागी घेतो, भटजी दक्षिणा घेतो, वकील फी घेतो. यांपैकी कोणता शब्द वापरला जातो यावरून देणारा आणि घेणारा यांचे परस्परांशी असलेले नाते ओळखता येते. पगार मागता येतो, थकला तर त्यासाठी भांडता येते. दक्षिणा मागायची नसते, ती द्यायची असते. या मालिकेतला सर्वांत फसवा शब्द म्हणजे 'मानधन'. मान आणि धन या दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळी देत आहोत असा देणाऱ्याचा त्यात आव असतो. प्रत्यक्षात धन कमी पडले की ते मानाने भरून काढण्याची सोय या समासात आहे.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पोलीस पाटलांचे मानधन दरमहा ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरपंचांचे मानधन दुप्पट झाले: २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावच्या सरपंचाला ३,००० ऐवजी ६,००० रुपये, ८,००० हून मोठ्या गावच्या सरपंचाला ५,००० ऐवजी १०,००० रुपये. वर्तमानपत्रांनी या बातम्या निवडणुकीच्या तोंडावरच्या सवलती म्हणून छापल्या आणि तसे छापण्यात काही चूकही नव्हते. परंतु त्यांच्यामागे असलेला प्रश्न फार जुना आहे. गावाचे काम करणाऱ्या माणसाला गावाने, किंवा सरकारने, नेमके काय देणे लागते? आपल्याकडे या प्रश्नाला निदान चारशे वर्षांचा कागदोपत्री इतिहास आहे, आणि तो वाचताना असे दिसते की मोबदल्याचा प्रश्न प्रत्येक पिढीत मानाच्या प्रश्नाखाली दडपला गेला.

वतन: मोबदल्याची यादी

पाटलाची परंपरा जुनी. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गावच्या मुख्याला 'ग्रामकूट' म्हटले आहे, पुढच्या काळातल्या लेखांत 'पट्टकिल' असा शब्द येतो. मराठेशाहीच्या कागदांत आपल्याला भेटतो तो पाटील मात्र वतनदार आहे. वतन हा मूळ अरबी शब्द. उर्दू-हिंदीत तो मायभूमी या अर्थाने रुळला. मराठीने त्याला निराळेच वळण दिले. मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेचे काम आणि त्या कामाबरोबर येणारे वंशपरंपरेचे उत्पन्न. काम आणि उत्पन्न यांना वेगळे शब्दच नव्हते, ही या व्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची खूण आहे.

पाटलाचे काम थोडेथोडके नव्हते. पडीक जमिनीवर लावणी करवून घ्यायची, सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचे, गावात चोरी झाली तर चोराचा माग काढायचा. माग निघाला नाही तर चोरीची भरपाई गावाच्या माथी येई. सारा थकला तर आधी पाटलाला धरून नेत, प्रसंगी ओलीस ठेवत. या सगळ्याचा मोबदला म्हणून त्याच्याकडे इनाम जमीन असे आणि शिवाय हक्क असत. तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, तांबोळ्याकडून पाने, बाजाराच्या दिवशी प्रत्येक दुकानातून मूठपसा. याच्याच जोडीने मान येत: होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचे, लग्नात पहिला विडा कोणाला, कागदावर नांगराची निशाणी आधी कोणाची.

आजच्या वाचकाला या मानांची भांडणे हास्यास्पद वाटतात. पोळ्याच्या बैलावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालावेत, गोतसभा भरावी, महजर लिहिले जावेत, प्रकरण थेट दरबारापर्यंत जावे, हे पाहून आपल्या ग्रामीण कथाकारांना पाटलाचे विडंबन करण्याचा मोह आवरलेला नाही. पण महजर नीट वाचले तर या भांडणांतला व्यवहार लक्षात येतो. मानाची यादी हीच मोबदल्याची यादी होती. दुष्काळात किंवा दंड भरण्यासाठी एखाद्या पाटलाने निम्मी पाटीलकी विकली की विक्रीच्या कागदात जमीन, धान्य, तेल, जोडा यांच्या रांगेतच विड्याची आणि पोळीची वाटणी लिहिली जाई. थोरली पाती आणि धाकटी पाती यांचा क्रम ठरे. आज आपण ज्याला वेतनश्रेणी म्हणतो तिचेच हे त्या काळचे रूप होते. ज्याचा बैल मागे गेला त्याचा उद्या धान्याचा वाटाही मागे जाणार, हे त्याला ठाऊक होते.

म्हणून जुना पाटील बिनपगारी होता असे म्हणणे बरोबर नाही. त्याला मोबदला होता आणि तो भरघोस होता. इतका की राज्यकर्त्यांना त्याची धास्ती वाटे. वतनदारांनी गावोगाव वाडे-हुडे बांधले होते, ते पाडून शिवाजी महाराजांनी त्यांचे हक्क बांधून दिले, असे सभासदाने नोंदवले आहे. आणि आज्ञापत्रकार अमात्यांनी वतनदारांकडे राज्याचे वाटेकरी म्हणूनच पाहिले आहे. मोबदला ठरलेला नसेल तर वरच्या टोकाचा सेवक तो स्वतःच ठरवून घेतो, हा त्यातला धडा. खालच्या टोकाला याच्या नेमके उलटे घडत होते.

एकच शब्द, दोन टोके

वतन हा शब्द पाटलाला होता तसाच महारालाही होता. हाडकी-हाडोळा म्हणून ओळखली जाणारी इनाम जमीन, खळ्यावरचे बलुते, सणावाराची भाकर, मेलेल्या जनावरावरचा हक्क. बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची आख्यायिका महारवाड्यात अभिमानाने सांगितली जाई. कामे मात्र मोजता येणार नाहीत इतकी: गावच्या शिवेची राखण, सरकारी खजिन्याबरोबर चालत जाणे, दवंडी, सांगावा, मयताची खबर परगावी पोचवणे, आल्या-गेल्या अंमलदाराच्या घोड्याची बडदास्त, वेशीवरचा पहारा.

कागदावर पाहिले तर दोन्ही वतने सारख्या घडणीची दिसतात. जमीन, धान्य, मान आणि त्याबदली काम. फरक वसुलीत होता. पाटलाचा हक्क त्याच्या दारात चालत येई. महाराला आपला हक्क दुसऱ्याच्या दारात उभे राहून मागावा लागे. धान्य तेच, खळे तेच, पण एक जण ते वसूल करी आणि दुसरा ते पदरात पाडून घेई. पहिल्याच्या बाबतीत मान हा मोबदल्यावरचा चढावा होता, दुसऱ्याच्या बाबतीत अपमान ही मोबदल्याची किंमत होती. 'गावकी' या शब्दाचीही अशीच दोन रूपे झाली आहेत. गावात गावकी म्हणजे चार शहाण्यांनी चावडीवर बसून चालवलेला कारभार. महारवाड्यात गावकी म्हणजे आपल्या पाळीला आलेली गावची राबणूक.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा फरक दोन पुस्तकांत समोरासमोर पाहता येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ चा. आत्रे महसूल खात्यातले जाणते अधिकारी होते आणि त्यांचा जीव कुणब्यासाठी तुटतो. खळ्यावर रास पडली की किती हात पुढे येतात याचा त्यांनी मांडलेला हिशेब आजही थक्क करतो. त्या हिशेबात बलुतेदार हा शेतकऱ्यावरचा बोजा ठरतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. तेच खळे, तोच व्यवहार, पण तो मागणाऱ्याच्या बाजूने सांगितलेला. आत्र्यांनी किती दिले गेले ते मोजले, पवारांनी ते कसे दिले गेले हे लिहिले. एकामुळे दुसरे पुस्तक खोटे ठरत नाही. ठरलेले काम आणि ठरलेला दाम या दोन्ही गोष्टी नसल्या की देणारा नागवला गेल्याचे सांगतो आणि घेणारा उपाशी राहतो, आणि दोघेही खरे बोलत असतात.

इंग्रजांचा काटकसरी हिशेब

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात गाव आणि पाटील यांना मोठे स्थान आहे. नव्या सरकारला हा तयार सांगाडा सोयीचा वाटला. प्रत्येक गावी पगारी माणूस ठेवायचा तर तिजोरीला परवडणारे नव्हते. पाटील, कुलकर्णी आणि महार हे आयते होते. तेव्हा व्यवस्था ठेवायची आणि खर्च छाटायचा असे धोरण पडले.

छाटणी कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. देशमुख-देशपांडे हे परगण्याचे वतनदार. रयतवारीत त्यांचे काम उरले नाही. १८६० च्या दशकात गॉर्डन यांच्या नावाने ओळखली जाणारी तडजोड झाली आणि त्यांना चाकरी माफ झाली. उत्पन्नाचा काही भाग सरकारला देऊन उरलेला त्यांच्याकडे राहिला. म्हणजे काम गेले, दाम राहिले. गावच्या पातळीवर मात्र १८६७ चा ग्राम पोलीस कायदा आणि १८७४ चा वंशपरंपरागत अधिकारपदांचा कायदा यांनी चाकरी पक्की बांधली. मुलकी पाटील आणि पोलीस पाटील अशी कामांची विभागणी झाली, वारसांच्या नोंदी झाल्या, चाकरी चुकवणाऱ्यावर कारवाईची तरतूद झाली. पण महाराने दिवसात किती तास आणि नेमकी कोणती कामे करायची हे कोणत्याही कलमात आले नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर काम संपूनही दाम टिकले, खालच्या पायरीवर दाम आटूनही काम टिकले.

आंबेडकरांचे विधेयक

या गुंत्याला पहिला मोठा छेद करवीर संस्थानात बसला. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी आणले आणि त्याच वर्षी महार वतनाच्या जमिनी रयतावा करून महारांना चाकरीतून मोकळे करण्याचे पाऊल उचलले. ब्रिटिश मुलखात हा प्रश्न कायदेमंडळात नेला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 'बहिष्कृत भारता'तून त्यांनी महार वतनाची चिकित्सा केली आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले.

हे विधेयक आज फारसे वाचले जात नाही. महाडचा सत्याग्रह आणि पुणे करार यांच्या मधल्या काळातले एक रूक्ष प्रकरण म्हणून ते बाजूला पडते. पण गावच्या सेवेच्या मोबदल्याविषयी त्याच्याइतका स्वच्छ विचार त्याआधी कोणी मांडल्याचे दिसत नाही. आंबेडकरांचे म्हणणे थोडक्यात असे होते. वतनदार महार चोवीस तासांचा नोकर आहे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जावे लागते. म्हणजे एका नाममात्र मोबदल्यात सारे कुटुंब बांधलेले असते. तो मोबदलाही तीन तुकड्यांत विभागलेला: इनाम जमीन, जी वाटण्या होऊन चिंधी झाली, बलुते, जे रयतेच्या मर्जीवर, आणि सरकारकडून मिळणारी किरकोळ रोकड. यावर त्यांचे उपायही तितकेच नेमके होते. काय काय कामे करायची ते लिहून ठरवावे. बलुते मागत फिरण्याऐवजी त्याचे पैशांत रूपांतर करून ते साऱ्याबरोबर वसूल व्हावे आणि महाराच्या हाती पडावे. आणि ज्याला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवण्याची व चाकरीतून सुटण्याची मुभा असावी.

यातली दुसरी सूचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. धान्याऐवजी पैसा मिळाला तर रक्कम कदाचित तेवढीच राहिली असती. बदलली असती ती हात पसरण्याची रीत. मोबदला कोणाच्या हातून, कोणत्या खात्यातून आणि कोणत्या शब्दाने मिळतो यावर माणसाची गावातली जागा ठरते, हे आंबेडकरांनी अर्थशास्त्रज्ञाच्या भाषेत मांडले. तिसरी सूचनाही तितकीच मूलगामी. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही त्याला सेवा म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

विधेयक चिकित्सा समितीकडे गेले. पगारी नोकर नेमायचे तर बोजा कोणावर, हा प्रश्न सरकारला सुटला नाही. रयतेची बाजू मांडणाऱ्यांना नवा कर नको होता. खुद्द वतनदारांतही वतनाचा लोभ होता, कारण गावात पाय रोवायला तेवढीच जमीन होती. १९२९ च्या जुलैमध्ये आंबेडकरांनी विधेयक मागे घेतले. त्यांनी प्रश्न मात्र सोडला नाही. १९३९ साली हरेगावच्या परिषदेत तो पुन्हा उभा राहिला.

तीन वारस

स्वातंत्र्यानंतर वतने एकेक करून गेली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, महारांसह इतर गावचाकरांची वतने १९५८ च्या कायद्याने, ज्याच्या नावातच 'कनिष्ठ' हा शब्द कायम राहिला. आणि मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील वंशपरंपरेतून मुक्त झाला आणि नेमणुकीचा माणूस झाला. कागदोपत्री एक मोठे पर्व संपले.

पण गावातली ती तीन कामे संपली नाहीत, त्यांना वारस मिळाले. कुलकर्ण्याच्या दप्तराचा वारस तलाठी. तो वेतनश्रेणीतला शासकीय कर्मचारी झाला. महाराच्या पायपिटीचा वारस कोतवाल. आपल्याला चतुर्थ श्रेणीचा दर्जा मिळावा म्हणून कोतवालांची आंदोलने कित्येक दशके चालू राहिली आणि २०२४ मध्येही शासनाने वाढवले ते त्यांचे मानधनच. पाटलाच्या जबाबदारीचा वारस पोलीस पाटील, त्यालाही मानधन. एकाच चावडीवरची ही तीन कामे, पण लेखणीच्या कामाला वेतन मिळाले आणि चालण्याच्या, बोलण्याच्या, रात्री-अपरात्री उठून जाण्याच्या कामाला मानधन. दप्तर ठेवणे हे काम आहे हे राज्याला लगेच पटते, कारण त्याचा कागद उरतो. दोन भावांतला बांधाचा तंटा पोलीस ठाण्यापर्यंत न जाऊ देणे, बेवारस प्रेताजवळ पंचनामा होईपर्यंत थांबणे, गावात धुसफुस आहे हे आधीच ओळखणे, यांचा कागद उरत नाही. उलट हे काम जितके चांगले होईल तितके ते दिसेनासे होते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. गावच्या वडीलधाऱ्याला पगार दिला की तो सरकारचा नोकर होतो, त्याचे तोंड तहसीलाकडे वळते, आणि ज्या विश्वासामुळे लोक त्याचे ऐकत होते तो विश्वास जातो, असे म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. लोकांची सेवा करणारा आणि सरकारची चाकरी करणारा यांत अंतर असते, आणि गावाला दोघांचीही गरज असते. परंतु हा आक्षेप घेणाऱ्याने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे: पगाराशिवाय सेवा करणे कोणाला परवडते? पोलीस पाटलाच्या सेवाशर्ती सांगणारा १९६८ चा आदेश याचे उत्तर नकळत देऊन जातो. त्यानुसार पोलीस पाटलाला गावात शेती किंवा स्थानिक धंदा करण्याची मुभा आहे, बाहेर पूर्णवेळ नोकरी करण्याची नाही. म्हणजे शेत किंवा दुकान हाताशी आहे असे गृहीत धरूनच हे पद घडवले आहे. वंशपरंपरा कायद्यातून गेली, पण जमिनीची अट मोबदल्याच्या आकड्यात लपून राहिली.

सरपंचपदाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच उघडी पडते. ७३ व्या घटनादुरुस्तीने दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांना राखीव जागा दिल्या; महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यामुळे मजुरीवर जगणारी बाई सरपंचाच्या खुर्चीत बसू शकते, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण पंचायत समितीत बैठकीला गेलेल्या दिवशी तिचा रोज बुडतो. बागायतदार सरपंचाचा तो बुडत नाही. त्याच्या शेतात त्या दिवशीही कोणीतरी, कदाचित तीच, खुरपत असते. आरक्षणाने तिला खुर्ची दिली, रोज दिला नाही. मग कारभार कोण पाहतो, सह्या कोणाच्या सांगण्यावरून होतात याबद्दल आपण जी नापसंती व्यक्त करतो तिचा काही अंश तरी या बुडालेल्या रोजाकडे वळवला पाहिजे.

'घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणे' ही म्हण आपण निष्फळ उपद्व्यापासाठी वापरतो. तिच्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे: भाकऱ्या भाजायला जाणाऱ्याच्या घरी खायला आहे, हे त्या म्हणीने धरूनच चाललेले असते. ज्याच्या घरी नाही त्याचा विचार म्हणीनेही केला नाही आणि मानधन ठरवणाऱ्या आदेशांनीही केला नाही.

२०२४ ची वाढ स्वागतार्ह आहे, पण ती रकमेची वाढ आहे. आंबेडकरांनी १९२८ साली जे मागितले ते रकमेच्या आधीचे होते: काम कोणते ते लिहा, दाम कोणाकडून आणि कसा मिळेल ते ठरवा, आणि नाही म्हणण्याचा हक्क द्या. या तीन गोष्टी ज्या मोबदल्यात असतात त्याला वेतन म्हणतात. बाकीच्या मोबदल्याला आपण कोणताही शब्द लावला तरी तो वतनाच्याच वंशातला राहतो.